शाळेतील आरोग्यनोंद सेवा: नेरूळमधील पहिल्या वर्षाचा अनुभव

नेरूळमधील आमच्या मुलांच्या शाळेने मागील जूनपासून एका खासगी संस्थेची आरोग्यसेवा घेतली आहे. पूर्णवेळ परिचारिका, आठवड्यातून एकदा येणारे बालरोगतज्ज्ञ, प्रवेशद्वारावर तापमान तपासणारे दोन कर्मचारी, गैरहजेरीची कारणांसह नोंद आणि पालकांसाठी मोबाइल अ‍ॅप असे तिचे स्वरूप असून प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ९०० रुपये आकारले जातात. माझी मुलगी मोठ्या शिशुवर्गात आणि मुलगा सहावीत आहे. पालक-शिक्षक संघाची सदस्य या नात्याने मला परिचारिकेचे काम जवळून पाहता आले, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परिचारिकेची साधी, हाताने लिहिलेली वही. हजेरी झाल्यावर त्या गैरहजर मुलांच्या घरी फोन करतात आणि ताप, पुरळ, उलटी-जुलाब, खोकला, डोळे येणे की मूल गावी गेले आहे, हे विचारून तुकडी आणि बसच्या क्रमांकासह लिहून ठेवतात. ऑगस्टमध्ये एका सकाळी शिशुवर्गाच्या तीन तुकड्यांतून एकेक मूल आले नव्हते. कोणत्याही वर्गशिक्षिकेला त्यात वावगे वाटले नसते, कारण प्रत्येकीच्या हजेरीपटावर एकच नाव कमी होते. वहीत मात्र तिघांपुढे सानपाड्याच्या बसचा एकच क्रमांक होता आणि तिन्ही घरांतून ‘तोंड आले आहे, काही खात नाही’ असेच उत्तर मिळाले होते.

डॉक्टरांनी तपासल्यावर हा हात-पाय-तोंडाचा संसर्ग असल्याचे निश्चित झाले. तो एन्टेरोव्हायरस गटातील विषाणूंमुळे होतो. या विषाणूंना स्निग्ध आवरण नसल्यामुळे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्यांच्यावर पुरेसा परिणाम होत नाही, आणि मूल बरे झाल्यावरही कित्येक आठवडे विषाणू शौचावाटे बाहेर पडत राहतो. त्यामुळे वर्गाच्या दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांपेक्षा स्वच्छतागृहातील साबण महत्त्वाचा होता, आणि तो मधल्या सुट्टीनंतर संपलेला असतो हे परिचारिकेनेच तेथे उभे राहून पाहिले. मावशींना साबण भरण्याच्या वेळा ठरवून दिल्या गेल्या, खेळणी रोज धुतली जाऊ लागली आणि बसमधील आसनांचे दांडे पुसण्याची जबाबदारी मदतनिसांवर सोपवण्यात आली. त्यानंतर आणखी चार मुले आजारी पडली आणि साखळी थांबली. ती केवळ या उपायांमुळेच थांबली असा माझा दावा नाही, परंतु पहिल्याच दिवशी तिचा माग लागला, हे या वहीचे श्रेय आहे.

प्रवेशद्वारावरील तपासणीबद्दल मात्र मी समाधानी नाही. पावसात भिजून किंवा वातानुकूलित बसमधून उतरलेल्या मुलाच्या कपाळावरून घेतलेले तापमान विश्वासार्ह नसते, आणि घरून पॅरासिटामॉल घेऊन आलेल्या मुलाचा ताप त्या वेळी दिसतच नाही. कांजिण्या तर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरू लागतात. दोन माणसांचा सकाळचा वेळ ज्यावर खर्च होतो, त्या तपासणीतून वर्षभरात उपयुक्त असे फारच थोडे हाती लागले.

कांजिण्यांच्या बाबतीत सेवेची खरी उणीव जानेवारीत जाणवली. सहावीच्या एका तुकडीत पहिला रुग्ण आढळल्यानंतर पालकांना संदेश मिळाला तो चौथ्या दिवशी, आणि तोही केवळ इंग्रजीत. कांजिण्यांची लस शासकीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे अनेक मुलांनी ती घेतलेली नसते. संपर्क आल्यानंतर तीन, फार तर पाच दिवसांच्या आत लस दिली तर आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची शक्यता असते. चार दिवसांच्या विलंबाने ती संधी बहुतेक संपली होती. ज्यांच्या घरी गर्भवती स्त्री आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार घेणारी व्यक्ती आहे, त्यांच्यासाठी तर हा विलंब अधिक गंभीर ठरतो. संदेशात आजारी मुलाचे नाव नव्हते, ही काळजी संस्थेने घेतली, याची नोंद करणे आवश्यक आहे.

लसीकरण कार्डांची तपासणी हे या सेवेचे कमी चर्चिले गेलेले, पण चांगले काम आहे. वाशीच्या खाडीपलीकडे गोवंडीत २०२२ मध्ये गोवराचा उद्रेक झाला होता. गोवर रोखण्यासाठी साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. परिचारिकेने गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा, पाच वर्षांनंतरची डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीची) वर्धक मात्रा आणि दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस असे प्रत्येक कार्ड पाहिले. माझ्या मुलाची टीडी राहून गेली होती, हे मला त्यातूनच कळले. ती आम्ही महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात विनामूल्य घेतली.

एक गोष्ट संस्थेच्या नव्हे, शाळेच्या हातात आहे. शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्र अजूनही वार्षिक समारंभात दिले जाते आणि त्यासाठी अंगात ताप असलेली मुले शाळेत येतात. ताप उतरल्यावर, औषधाशिवाय, पूर्ण एक दिवस घरी राहावे ही सूचना त्याच शाळेच्या फलकावर लावलेली आहे.

मार्चमधील बैठकीत मी करार पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने मत देणार आहे. मात्र रुग्ण आढळल्याच्या दिवशीच मराठीतूनही संदेश जावा, अशी अट मी लेखी मांडली आहे. एकट्या परिचारिकेचे फोन संपेपर्यंत अनेकदा दुपारचे बारा वाजतात, म्हणून प्रवेशद्वारावरील दोन्ही कर्मचाऱ्यांना त्या कामाला लावावे, अशीही मागणी त्यात आहे.