कुपवाडचं पत्राकामाचं शॉप: बेंडिंगला पूर्ण मार्क, रंगाला निम्मे

कुपवाड एमआयडीसीतल्या या शॉपमध्ये एटीव्हीचे (रानात, कच्च्या वाटेवर चालणारी जाड टायरची गाडी) मडगार्ड, स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा), साइड पॅनेल, मागचा कॅरियर ही सगळी कामं होतात. शेतावर गाडी वापरणारे आणि बाजा या कच्च्या वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, दोघांनाही उपयोगी. फक्त एक ध्यानात ठेवा: इथं पत्रा वाकवतात, फुगवत नाहीत. कंपनीच्या प्लॅस्टिक मडगार्डची दुहेरी गोलाई जशीच्या तशी मागितली, तर तुकडे जोडून वर पुटी भरावी लागते, आणि साधी पुटी पावडर कोटिंगच्या (कोरडी पावडर फवारून भाजलेला रंग) भट्टीत टिकत नाही. त्यापेक्षा तीन-चार सरळ बेंडचं मडगार्ड काढा. दिसायला जरा ट्रॅक्टरी वाटेल, पण मजबूत होतं आणि स्वस्तही पडतं.

माप घ्यायला गाडीच घेऊन जा. चाकावरच्या पार्टसाठी शॉक ॲब्सॉर्बर काढून चाक जॅकने पार वर नेतात, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवतात आणि मग पुठ्ठ्याचा फर्मा करतात. ही पद्धत बरोबर आहे. उभ्या गाडीवर घेतलेलं माप पहिल्या खड्ड्यात खोटं ठरतं. टायर आणि पत्रा यांत ते ४० मिमी जागा सोडतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानासाठी ६० मागून घ्या. ओली माती टायरला चिकटून थर वाढतो आणि मडगार्ड आतून खरवडायला लागतो.

या शॉपची खरी ताकद प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) चालवणाऱ्याच्या हातात आहे. १.६ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याला १२ मिमी रुंद खाचेची व्ही डाय लावली, तर आतली त्रिज्या साधारण २ मिमी येते आणि प्रत्येक काटकोनी बेंडला सपाट मापातून सुमारे ३ मिमी वजा करावे लागतात. नुसती बाहेरची मापं बेरजेत धरून ड्रॉइंग दिलं, तर चार बेंडच्या पार्टमध्ये १२ मिमीचा घोळ होतो आणि एकही भोक जुळत नाही. इथं आधी तुकड्यावर एक बेंड मारून बघतात, वजावट पक्की करतात, मगच डीएक्सएफ (कापायच्या ड्रॉइंगची फाइल) लेझरला जाते. त्याच डायवर साडेआठ मिमीपेक्षा लहान फ्लँज (वाकवलेली कड) मागू नका, कारण पत्र्याची कड व्हीमध्ये घसरते. भोकंही बेंडच्या रेषेपासून लांब ठेवा, नाहीतर ती ताणून लांबुळकी होतात.

जाडीच्या बाबतीत गिऱ्हाईकच हट्ट करतं. 'जाड घाला' म्हटलं की ते २ मिमी घालून मोकळे होतात, वाद घालत नाहीत. मडगार्डला १.२ मिमी पुरे, त्याचं वजन चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आत राहतं. २ मिमीला ते पावणेसोळा किलोच्या आसपास जातं आणि सगळा भार ब्रॅकेटवर येतो. सपाट पॅनेल डब्यासारखं वाजू नये म्हणून त्यावर कर्णांच्या रेषांत एक-दोन अंशांचा हलका क्रॉस ब्रेक मारून मागा. एसीच्या डक्टवर असतो तोच. खर्च नगण्य, फरक मोठा.

तडा जातो तो पत्र्याच्या मध्यभागी नाही, बोल्टच्या भोकाशी. ब्रॅकेट थेट फ्रेमला वेल्ड करून पत्रा घट्ट आवळला की इंजिनाची थरथर तिथंच जिरते. म्हणून भोकाखाली २ मिमीचा ५० बाय ५०चा ठिगळपत्रा आणि रबर बुशमध्ये स्टीलची स्लीव्ह (नळी), हे दोन्ही ऑर्डरमध्ये लिहूनच द्या. स्लीव्ह नसेल तर बोल्ट आवळताना रबर चेपतं आणि बुश असून नसल्यासारखा होतो. वेल्डिंग चांगलं आहे: ०.८ मिमीची तार, २० मिमीचे टाके, मध्ये अंतर सोडून, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला. पत्रा लाटा मारत नाही.

स्किड प्लेटला ३ मिमी ५०५२ ग्रेडचं ॲल्युमिनियम सांगा. ६०६१-टी६ जास्त कडक असतं, पण लहान त्रिज्येत वाकवलं की बाहेरच्या बाजूला भेगा पडतात. ऑइल ड्रेनच्या खाली भोक, पाणी-चिखल निघायला २५ मिमीची भोकं, आणि स्टीलच्या फ्रेमशी थेट संपर्क येऊ नये म्हणून मध्ये नायलॉन वॉशर, एवढं बघून घ्या. ऊसपट्ट्यात आणखी एक: सायलेन्सर आणि पत्रा यांच्यामध्ये पाचट अडकेल अशी खाच ठेवू देऊ नका. वाळलेलं पाचट तापलेल्या पाइपला लागलं की पेट घेतं.

आता रंग. पावडर कोटिंग बाहेरून करून आणतात आणि तिथंच मार्क जातात. ऑक्सिजनने कापलेल्या लेझर कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. तो घासला नाही तर त्याच कडेवरून पावडर सुटते. नायट्रोजनने कापून मागा किंवा कडा ग्राइंड करून द्या. दुमडलेल्या कडेत धुलाईच्या टाकीतलं पाणी अडकतं आणि भट्टीत उकळून डाग पडतो, म्हणून दुमडीच्या टोकाला ५ मिमीचं भोक हवं. एम६चे रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात चेपून बसवायचे नट) रंगानंतरच बसवायला सांगा, नाहीतर आटे पावडरने बुजतात आणि टॅप फिरवत बसावं लागतं.

बिलात लेझर कापाच्या लांबीवर, बेंडिंग स्ट्रोकवर आणि कोटिंग चौरस फुटावर लावतात, तेव्हा कोटेशन या तीन ओळींत वेगळं करून घ्या. उजवा-डावा जोड एकदमच टाकला तर डाय सेटिंगचा खर्च एकदाच लागतो. फर्मा आणि डीएक्सएफ फाइल मागितली तर देतात, मागून घ्याच.