अणू-रेणूंचा गोळे-काड्यांचा संच: घ्या, पण सोबतचे पत्रक मुलांच्या हाती देऊ नका

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात शालेय साहित्याच्या दुकानांत रेणूंच्या प्रतिकृतींचा प्लास्टिकचा संच मिळतो. काळा गोळा कार्बनचा, पांढरा हायड्रोजनचा, तांबडा ऑक्सिजनचा, निळा नायट्रोजनचा. आठवी-नववीच्या मुलांसाठी तो जरूर घ्यावा.

प्रत्येक गोळा म्हणजे एक अणू. दोन तांबडे गोळे दोन लवचीक काड्यांनी जोडले की ऑक्सिजनचा रेणू तयार होतो. तो रेणू आहे, पण संयुग नाही, कारण दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे. त्यातला एक तांबडा काढून उरलेल्याला दोन पांढरे लावले की झाला पाण्याचा रेणू, आणि पाणी हे संयुग. ‘रेणू म्हणजेच संयुग’ हा गैरसमज इथे हातांनीच निघून जातो. पुढे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटे करून पाण्याचे दोन रेणू जोडायला लावा. चार पांढरे, दोन तांबडे. आधीही तेवढेच, नंतरही तेवढेच. समीकरण संतुलित का करायचे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

खरी अडचण पत्रकाची. ते हिंदी-इंग्रजीत आहे. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू! मराठी माध्यमाचे मूल ते वाचून हमखास उलटे शिकते. हिंदीतले ‘तत्व’ म्हणजे मूलद्रव्य, ‘यौगिक’ म्हणजे संयुग. हे चार शब्द झाकणाच्या आत मराठीत लिहून चिकटवा.

दुसरी चूक मिठाची. पत्रकात सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक गोळा जोडून ‘मिठाचा रेणू’ दाखवला आहे. मिठाच्या खड्यात असे सुटे रेणू नसतातच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी जाळी असते. मीठ संयुग आहे, पण रेणूंचे बनलेले नाही. संचातल्या गोळ्यांत ही जाळी बसत नाही, म्हणून ते पान सरळ गाळा.

दुकानातच डबा उघडून तांबडा गोळा तपासा. त्याची दोन भोके समोरासमोर असतील तर संच परत करा, कारण पाण्याचा रेणू वाकडा असतो, कोन साधारण १०४.५ अंशांचा. काळ्या गोळ्याला चार भोके हवीत. गोळेही मोजून घ्या: ग्लुकोजसाठी सहा काळे, बारा पांढरे, सहा तांबडे लागतात. काडी सरळ ओढू नका, किंचित पिळून काढा. वाकवून ओढली की भोकाच्या कडेला चीर जाते आणि मग त्या गोळ्यात काडी टिकत नाही. दुहेरी बंधाला, म्हणजे दोन गोळे दोन काड्यांनी जोडताना, आखूड काडी जबरदस्तीने वाकवली तरी हेच होते. लांब, लवचीक काड्या निदान चार आहेत ना, ते पाहा. दोन दुहेरी बंधांच्या कार्बन डायऑक्साइडला तेवढ्या लागतातच.