ब्रिटिश बॉक्सिंग: पदरचे पैसे मोजून पाहिल्यानंतरचा अनुभव

ब्रिटिश बॉक्सिंगला उतरती कळा लागलीय का, यावर लंडनमध्ये बॉक्सिंगवेडी दोन माणसं भेटली की वाद सुरू होतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून मी या खेळावर चांगलेच पैसे खर्च केलेत. लढती दाखवणाऱ्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन, मोठ्या लढतींचे वरचे पैसे, स्टेडियमची तिकिटं, आणि पूर्व लंडनमधल्या छोट्या हॉलमध्ये घालवलेल्या संध्याकाळी. एवढं पाहून माझं मत असं झालंय की खेळ घसरलेला नाही. इथला चाहता मात्र त्यातून हळूहळू बाजूला सारला जातोय.

सुरुवात वेम्ब्लीपासून. २१ सप्टेंबर २०२४, अँथनी जोशुआ विरुद्ध डॅनियल डुबॉ, ९६ हजार प्रेक्षक. गर्दीचा आकडा पाहिला तर उतरती कळा वगैरे शब्द तोंडातूनही काढू नयेत. पण मी बसले होते अगदी वरच्या मजल्यावर. तिथून रिंग काडेपेटीएवढी दिसते, त्यामुळे पूर्ण वेळ डोळे मोठ्या पडद्याकडेच. पहिली फेरी संपता संपता डुबॉच्या उजव्या ठोशाने जोशुआ खाली बसला, तेव्हा स्टेडियमभर जो आवाज उठला तो घरी बसून कधीच मिळणार नाही, हे मान्य. पाचव्या फेरीत लढत संपली. त्या एका क्षणासाठी मी तिकिटाचे पैसे देईन. मात्र दुपारपासून चाललेल्या आधीच्या लढती, मधली गाणी, आतषबाजी आणि प्रत्येक दोन लढतींमधला लांबलचक रिकामा वेळ यासाठी नाही देणार. आणि लंडनमधल्या या रात्रीवरही नाव होतं सौदी अरेबियातल्या ‘रियाध सीझन’ या महोत्सवाचं.

रियाधबद्दल एकांगी बोलणं मला पटत नाही. एडी हर्न आणि फ्रँक वॉरन हे लढती भरवणारे दोन प्रमोटर वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, त्यामुळे चाहत्यांना हव्या त्या लढती व्हायच्याच नाहीत. सौदी पैसा आला आणि १ जून २०२४ ला दोघांनी आपापले पाच-पाच बॉक्सर समोरासमोर उभे केले. वॉरनच्या पाचही जणांनी लढती जिंकल्या. त्याच रात्री लिव्हरपूलचा निक बॉल जगज्जेता झाला. मात्र तो झाला रियाधमध्ये, लिव्हरपूलपासून हजारो मैलांवर. त्याला पोरसवदा असल्यापासून पाहणाऱ्या किती जणांना तिथे जाणं परवडलं असेल?

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट फॅबियो वॉर्डली आणि फ्रेझर क्लार्क यांच्या लढतीची. मार्च २०२४ मध्ये लंडनला ते बारा फेऱ्या रक्तबंबाळ होऊन लढले आणि लढत बरोबरीत सुटली. पणाला होतं ब्रिटिश हेवीवेट विजेतेपद, म्हणजे लॉन्सडेल पट्टा. १९०९ पासून चालत आलेला हा पट्टा इथल्या बॉक्सरला जागतिक किताबाइतकाच, कधी त्याहून प्रिय असतो. दोघेही इंग्लंडचे, किताब ब्रिटनचा, आणि पुन्हा लढत ठेवली ऑक्टोबरमध्ये रियाधला. वॉर्डलीने पहिल्याच फेरीत निकाल लावला. मी ते सोफ्यावर बसून पाहिलं. पुढच्या ऑगस्टमध्ये चॅटमचा वीस वर्षांचा मोझेस इटाउमा डिलियन व्हाइटला पहिल्या फेरीत लोळवतो, तेही तिथेच.

आता अ‍ॅपबद्दल. नुसत्या सबस्क्रिप्शनमध्येही चांगलं पाहायला मिळतं, हे आधी सांगते. ३० नोव्हेंबर २०२४ ला बर्मिंगहॅममध्ये टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता गलाल याफाई आणि सनी एडवर्ड्स भिडले. दोघेही फ्लायवेट, जेमतेम ५१ किलोचे. याफाईने पहिल्या घंटेपासून एडवर्ड्सला मोकळा श्वास घेऊ दिला नाही आणि सहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तीन महिन्यांचे पैसे मला त्या एका रात्रीत वसूल वाटले. तक्रार आहे ती पुढची. दर महिन्याला पैसे भरूनही मोठी लढत आली की मी पुन्हा वीस-पंचवीस पाउंड वेगळे मोजले. आणि मुख्य बॉक्सर रिंगमध्ये येईपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजून जातात. शाळेत जाणारं पोर तोवर झोपलेलं असतं. नवा चाहता तयार व्हायचा कसा?

तेव्हाचा आणि आताचा फरक दाखवणारी बाप आणि मुलगे अशी एक जोडीच समोर आहे. नायजेल बेन आणि ख्रिस युबँक १९९० मध्ये बर्मिंगहॅमला आणि १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लढले. दोन्ही लढती आयटीव्हीवर, कुणीही घरात टीव्ही लावून पाहाव्यात अशा. आज पन्नाशीत असलेले इथले माझे सहकारी त्या रात्रींबद्दल अजून भरभरून बोलतात, आणि त्यातले निम्मे एरवी बॉक्सिंग बघतही नाहीत. त्यांच्या मुलांची लढत ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरली होती. कॉनर बेनच्या चाचणीत क्लोमिफिन हे बंदी असलेलं औषध सापडल्याने ती रद्द झाली. त्याने आरोप कायम नाकारले, आणि २०२४ मध्ये ते प्रकरण त्याच्या बाजूने मिटलं. शेवटी २६ एप्रिल २०२५ ला लंडनमधल्या टॉटनमच्या स्टेडियमवर लढत झाली. बारा फेऱ्या दोघांपैकी एकही जण मागे हटला नाही, धाकटा युबँक गुणांवर जिंकला. नोव्हेंबरात बेनने परतफेड केली. एप्रिलची ती लढत वर्षातल्या उत्तम लढतींपैकी एक होती. पण सोमवारी ऑफिसात त्यावर बोलायला मला कुणी मिळालं नाही, कारण पैसे भरून पाहिली होती ती माझ्यासारख्या मोजक्यांनी.

मी कोल्हापूरची. खासबागेत लोक पैलवानाला त्याच्या तालमीसकट ओळखतात, कोण कुणाचा पठ्ठा हे सांगतात. ती ओळख इथे मला सापडली ती यॉर्क हॉलमध्ये. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधली १९२९ ची ही इमारत, त्यातच पोहण्याचा तलाव, आणि हॉलमध्ये जेमतेम बाराशे माणसं. बाल्कनी रिंगच्या इतकी जवळ आहे की ठोसा बसल्यावर डोक्यावरचं पाणी उडालेलं स्पष्ट दिसतं. तिकीट बहुतेकदा बॉक्सरकडूनच घेतात. मला ज्याने दिलं तो दिवसा प्लास्टरिंगची कामं करतो, आणि पाकीट द्यायला स्वतः जिमच्या दाराशी आला होता. जितकी तिकिटं तो विकेल त्यातून समोरच्याची बिदागी निघते आणि उरलं तर त्याला मिळतं.

समोरचा म्हणजे बहुधा हरण्यासाठीच बोलावलेला, पण अतिशय जाणता गडी. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० लढती लढून २००८ मध्ये निवृत्त झाला, त्यातल्या २५६ हरला. अशा माणसाचं कसब बाल्कनीतूनच कळतं. घंटा व्हायच्या बेताला तो सरकत सरकत बरोबर आपल्या कोपऱ्याशी येतो, म्हणजे वळलं की स्टूल. कोवळ्या पोराचे ठोसे कोपरावर, खांद्यावर घेतो, मिठी मारून त्याला दमवतो, आणि चार फेऱ्यांत त्याला जे शिकवतो ते कुठल्याही जिममध्ये शिकायला मिळत नाही. अशा लढतीत पंच एकटाच गुण देतो. शेवटची घंटा झाली की पोराचा हात वर, आणि त्याची आत्या, मामा, शाळासोबती असा सगळा गोतावळा रिंगकडे धावतो.

अशा हॉलमधून वर आलेला बॉक्सर आपल्याच गावात मोठा होतो तेव्हा काय होतं, ते ७ जून २०२५ ला इप्सविचमध्ये पाहिलं. वॉर्डली तिथलाच. ऑलिंपिककडे नेणाऱ्या हौशी बॉक्सिंगचा पाया नाही, नोकरी सांभाळून हौसेच्या लढती करणारा हा माणूस. पोर्टमन रोड हे त्याच्या आवडत्या फुटबॉल संघाचं मैदान. ऑस्ट्रेलियाचा बॉक्सर जस्टिस हुनी त्याला नऊ फेऱ्या नाचवत होता. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा डोकं धरून बसले होते. दहाव्या फेरीत एकच उजवा ठोसा, हुनी आडवा, आणि आजोबा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाहून सव्वा तासाच्या गाडीने गेले होते. परतीच्या गाडीत कुणी बसायला तयार नव्हतं, सगळे उभ्याने तो ठोसा एकमेकांना करून दाखवत होते.

काळजी वाटावी असंही आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या बॉक्सरांनी सहा पदकं जिंकली, पॅरिसला एकच, लुईस रिचर्डसनचं कांस्य. हौशी खेळात असं होतं तेव्हा त्याचे चटके व्यावसायिक बॉक्सिंगला काही वर्षांनी बसतात. २०२५ च्या अखेरीस बीबीसीवर बॉक्सिंग परत आलं, तेही लढतीसाठी वेगळे पैसे न भरता. मला त्या वर्षातली ही सर्वांत चांगली बातमी वाटते.

अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन मी आता सलग ठेवणार नाही. याफाई-एडवर्ड्ससारखी लढत असेल त्या महिन्यापुरतं घेईन. वेम्ब्लीला पुन्हा जायचं तर खालच्या मजल्याचं तिकीट परवडलं तरच. पुण्या-मुंबईहून कुणी इथे शिकायला येत असेल तर त्यांनी पहिल्या महिन्यातच यॉर्क हॉलचं बाल्कनीचं तिकीट काढावं, आणि मुख्य लढतीची वाट न बघता दारं उघडतानाच आत जाऊन बसावं. चार फेऱ्यांच्या लढती आधी होतात.