पलीकडचा माणूस होल्डवर आहे की ऐकतोय? साधा एक्स्टेंशन फोन आणि आयपी फोन

ऑफिसातले टेबलावरचे फोन बदलायची वेळ आली की बोलणं लगेच भाव, वायरिंग आणि कंपनीचं नाव यांवर जातं. त्याबद्दल माहिती भरपूर मिळते, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला इथे रोजच्या वापराबद्दल लिहायचं आहे. होल्ड, ट्रान्सफर, म्यूट, फॉरवर्ड, रीडायल ही बटणं वापरताना कोणत्या फोनवर घोळ कमी होतो, आणि नको ती गोष्ट नको त्याच्या कानावर जाण्याचा धोका कुठे कमी आहे, एवढाच प्रश्न. ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजला, जोडलेला साधा ॲनालॉग एक्स्टेंशन आणि नेटवर्कवर चालणारा आयपी फोन, दोन्ही मी बरीच वर्षं वापरले आहेत. या दोघांच्या मधला, दिवे असलेला डिजिटल कीफोन हाही एक पर्याय आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

साध्या एक्स्टेंशनवर होल्ड आणि ट्रान्सफरची सगळी भिस्त एका फ्लॅश बटणावर असते. ते दाबलं की फोन लाइन क्षणभर तोडतो आणि ती किती वेळ तुटली हे एक्स्चेंज मोजतं. थोडाच वेळ तुटली तर बोलणाऱ्याला होल्डवर टाकून तुम्हाला डायल टोन मिळतो. जास्त वेळ तुटली तर तुम्ही रिसिव्हर ठेवला असं धरून कॉल संपवला जातो. हा ‘थोडा वेळ’ मात्र सगळीकडे सारखा नाही. काही एक्स्चेंज १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा फ्लॅश धरतात, काही ६०० मिलिसेकंदांच्या आसपासचा. फोन एका मापाचा आणि एक्स्चेंज दुसऱ्या मापाचं असेल तर ट्रान्सफर करायला गेलं की कॉल कटतो. फ्लॅश बटण नसलेल्या फोनवर लोक क्रेडलची कळ बोटाने टिचकवतात, तिथे तर सगळं बोटाच्या अंदाजावर. टिचकी फारच छोटी बसली तर पल्स डायलिंग समजणारं एक्स्चेंज तिला १ हा आकडाही समजू शकतं, कारण चकतीच्या फोनवर १ फिरवणं म्हणजे साधारण ६० मिलिसेकंदांसाठी एकदा लाइन तुटणं.

कॉल कटला तर निदान कळतं तरी. समोरचा परत लावतो, आपण माफी मागतो, विषय संपतो. माझा निर्णय ज्या त्रासामुळे झाला तो वेगळा आहे: कॉल कटलेला नसतो, पण तो नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे साध्या फोनवर दिसतच नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. ग्राहक लाइनवर आहे. तुम्ही फ्लॅश दाबता, टोन येतो, हिशेब विभागातल्या सहकाऱ्याचा एक्स्टेंशन लावता. तो दुसऱ्या कुणाशी बोलत असतो, म्हणून ग्राहकाकडे परत यायला पुन्हा फ्लॅश दाबता. काही एक्स्चेंजमध्ये एवढ्याने तुम्ही ग्राहकाकडे परत जाता. काहींमध्ये फ्लॅशनंतर एखादा आकडा दाबावा लागतो. आणि सहकाऱ्याने फोन उचललेला असताना तोच दुसरा फ्लॅश काही ठिकाणी तिघांना एकाच संभाषणात आणतो. हे सगळं प्रोग्रॅमिंगवर ठरतं. देखभालीला येणाऱ्या माणसाने काही बदललं असेल, तर कालपर्यंत अंगवळणी पडलेली सवय आज चुकीची ठरते. फोनवर पडदा नाही, दिवा नाही. कानात येणारा आवाज हाच एकमेव पुरावा.

आमच्याकडे एकदा दराची घासाघीस चालू असताना असंच झालं. कुठपर्यंत खाली उतरायचं हे विचारायला सहकाऱ्याने वरिष्ठांना लावलं, आकडा ठरला, आणि तो आकडा समोरच्या पार्टीने स्वतःच उच्चारून दाखवला. ती सगळा वेळ लाइनवर होती. त्या दिवसानंतर सगळेच जण होल्डवर टाकल्यावर रिसिव्हरवर हात ठेवून कुजबुजू लागले. यंत्रावरचा विश्वास उडाला की माणसं असंच वागतात, आणि मग होल्ड हे बटण असून नसल्यासारखं होतं.

आयपी फोनवर ही काळजी मिटते. पडद्यावर दोन कॉल दोन ओळींत दिसतात, होल्डवरच्या ओळीपुढे तसं लिहिलेलं असतं, बहुतेक फोनांवर बटणाचा दिवाही लुकलुकतो. ट्रान्सफर, कॉन्फरन्स आणि होल्ड यांची बटणं वेगवेगळी, त्यामुळे तिघांना एकत्र आणायचं असेल तर तसं ठरवूनच करावं लागतं. ट्रान्सफरचे दोन प्रकारही इथे स्पष्ट कळतात. सहकाऱ्याशी आधी बोलून मग कॉल द्यायचा, किंवा न बोलता थेट पाठवून द्यायचा. मी शक्यतो पहिलाच वापरतो, कारण थेट पाठवलेल्या कॉलचं पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही. साध्या एक्स्टेंशनवर रिसिव्हर ठेवून दिला की कॉल गेला असं आपण धरतो. तिकडे कुणी उचलला नाही तर थोड्या वेळाने आपलाच फोन पुन्हा वाजतो, आणि उचलल्यावर पलीकडे तोच, आता जरा वैतागलेला माणूस असतो.

म्यूटच्या बाबतीत मात्र आयपी फोनला मी पूर्ण गुण देणार नाही. म्यूटमध्ये समोरच्याला तुमचं ऐकू जात नाही, पण तुम्हाला त्याचं येतं. होल्डमध्ये दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. हे माहीत असलेली माणसंही घाईत म्यूटला होल्डसारखं वापरतात. रिसिव्हरवरून स्पीकरवर किंवा हेडसेटवर गेलं की म्यूट टिकतं की सुटतं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. हेडसेटच्या वायरीवर वेगळं म्यूट बटण असेल तर दोन म्यूट झाले, आणि कोणतं चालू आहे याचा गोंधळ. माझा नियम साधा आहे: खासगी बोलायचं असेल तर होल्डच, आणि तेही पडद्यावर ‘होल्ड’ वाचल्यानंतर.

आयपी फोनमधला दुसरा खटकणारा भाग म्हणजे ऑटो आन्सर. आतला कॉल आला की फोन आपोआप उचलला जातो आणि स्पीकर सुरू होतो. सोय म्हणून ती चांगली आहे, कीफोनवरही ती फार पूर्वीपासून होती. पण तुमच्या समोर कुणी बसलेलं असताना माइकही सुरू झाला, तर खोलीतलं बोलणं पलीकडे जातं. बऱ्याच फोनांत उचलताना माइक बंद ठेवण्याची सेटिंग असते. ती नसेल तर हे फीचरच बंद ठेवावं असं मला वाटतं.

कॉल फॉरवर्डमध्ये फरक पुन्हा दिसण्याचाच. साध्या एक्स्टेंशनवर कोड दाबून फॉरवर्ड लावायचा आणि कोड दाबूनच काढायचा. लावलेला आहे याची खूण झालीच तर बदललेल्या डायल टोनची, आणि तीही ओळखणारा माणूस हवा. रजेवर जाताना मोबाइलवर लावलेला फॉरवर्ड परत आल्यावरही तसाच राहतो, आणि टेबलावरचा फोन का वाजत नाही याचा शोध सुरू होतो. आयपी फोनवर पडद्यावर बाण किंवा सरळ नंबर दिसतो. बाहेरच्या नंबरवर फॉरवर्ड करायची मुभा मात्र दोन्हीकडे मोजक्याच माणसांना असावी. फोन यंत्रणेत घुसणारे चोर हाच रस्ता धरतात: कुठल्या तरी एक्स्टेंशनवरून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल वळवायचे आणि बिल ऑफिसच्या माथी मारायचं. व्हॉइसमेलचा पिन ०००० किंवा १२३४ ठेवलेला असेल आणि व्हॉइसमेलमधून बाहेर कॉल लावायची सोय उघडी असेल, तर त्यांना फार कष्टही पडत नाहीत. आयपी फोनांमध्ये भर पडते ती फोनच्या स्वतःच्या वेबपेजची. तिथला कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नाही, तर ऑफिसच्या नेटवर्कवरचा कुणीही सेटिंग पाहू शकतो. या बाबतीत साधा फोन अधिक सुरक्षित, कारण त्याच्यात फोडण्यासारखं काही नाहीच.

फसवणुकीच्या कॉलचा एक जुना प्रकार साध्या फोनांच्या जगातलाच आहे. ‘टेलिफोन कंपनीतून बोलतोय, लाइन तपासतोय, फ्लॅश दाबून नऊ-शून्य-हॅश दाबा आणि रिसिव्हर ठेवा.’ बाहेरच्या लाइनसाठी ९ लागणाऱ्या काही एक्स्चेंजमध्ये एवढ्याने बोलणाऱ्याच्या हाती ऑफिसची बाहेरची लाइन जायची. असला कॉल आला तर फोन कोणताही असो, काहीही न दाबता ठेवून द्यावा. ट्रान्सफर होऊन आलेल्या कॉलबद्दलही सावध राहायला हवं. बाहेरच्या माणसाने रिसेप्शनवरून स्वतःला तुमच्याकडे वळवून घेतलं, तर तुमच्या फोनवर रिसेप्शनचा आतला नंबर दिसू शकतो, आणि आतला नंबर दिसला की आपण सैलपणे बोलतो. चांगल्या आयपी यंत्रणेत ट्रान्सफर पूर्ण झाल्यावर मूळ नंबर दिसू लागतो. मात्र तो सेटिंगचा भाग आहे आणि बाहेरून येणारा नंबरही खोटा दाखवता येतो, त्यामुळे पडद्यावरचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे.

रीडायलबद्दल थोडं. बँकेच्या स्वयंचलित सेवेत खातं किंवा पिन दाबला, तर कित्येक साधे फोन ते आकडेही रीडायलच्या आठवणीत साठवतात. नंतर कुणी रीडायल दाबलं की सगळी माळ पुन्हा वाजते. अशा कॉलनंतर दुसरा एखादा निरुपद्रवी नंबर लावून ठेवणं हा उपाय. आयपी फोनच्या रीडायलमध्ये सहसा फक्त लावलेला नंबरच राहतो, पण कॉलची यादी येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी दिसते, तेव्हा तिला लॉक हवं.

आता साध्या फोनच्या बाजूने बोलायला हवं, कारण दोन बाबतींत तो मला आजही जास्त भरवशाचा वाटतो. वीज गेली तर ईपीएबीएक्सच्या एका बॅटरीवर सगळे एक्स्टेंशन चालतात, आणि बऱ्याच यंत्रणांत बॅटरीही संपली तर बाहेरची लाइन थेट एका ठरावीक फोनला जोडली जाते. आयपी फोन चालू ठेवायला नेटवर्कचा स्विच, राउटर आणि सर्व्हर या सगळ्यांना यूपीएस लागतो. फोन पुन्हा सुरू व्हायलाही वेळ जातो, आणि संगणक फोनच्या मागच्या पोर्टमधून जोडलेला असेल तर तेवढा वेळ संगणकाचंही नेटवर्क जातं. भर दुपारी अपडेट सुरू झाला की हे जाणवतं.

दुसरी बाब आणीबाणीच्या कॉलची. साध्या फोनचा नंबर वायरीला बांधलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरचा एक्स्टेंशन तिसऱ्या मजल्यावरच राहतो. आयपी फोन उचलून दुसरीकडे लावला तर नंबर त्याच्यासोबत जातो आणि नोंदीतली जागा जुनीच राहते. घाबरलेल्या माणसाला बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लावायचं की नऊ हे आठवेलच असं नाही, तेव्हा आणीबाणीचा नंबर थेट लागतो का हे दोन्ही यंत्रणांत तपासून घ्यावं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पासून बसवल्या जाणाऱ्या अशा यंत्रणांवर ९११ थेट लागलाच पाहिजे असं कायद्याचं बंधन आहे.

दोन्ही प्रकार एकत्र ठेवणार असाल तर सॉकेटांवर ठळक नावं लिहा. साध्या फोनची छोटी पिन नेटवर्कच्या मोठ्या सॉकेटात सहज शिरते, आणि रिंग वाजताना त्या लाइनवर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी दाब असतो. संगणकाचं किंवा आयपी फोनचं पोर्ट त्याने खराब होऊ शकतं. उलट बाजूने धोका कमी, कारण केबलमधून वीज पुरवणारा प्रमाणित नेटवर्क स्विच आधी पलीकडचं उपकरण ओळखतो आणि मगच वीज सोडतो.

आवाजाचा मुद्दा लहान वाटतो, पण दिवसभर फोनवर असणाऱ्यासाठी लहान नाही. साधी लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते, तर वाइडबँडवर, म्हणजे आवाजाच्या जास्त रुंद पट्ट्यावर, चालणारा आयपी फोन सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातो. स आणि फ, ब आणि ड यांतला फरक कळतो, बिलाचे आकडे आणि आडनावं परत परत विचारावी लागत नाहीत, आणि आवाजाची पातळी खाली ठेवता येते, जे कानांसाठीही बरं.

कीफोनचं म्हणाल तर होल्डची अवस्था दाखवणारे दिवे त्यावर आहेत, वीज आणि वायरिंग साध्या फोनसारखंच सोपं आहे, म्हणजे माझी मुख्य अडचण तोही सोडवतो. अडतं ते एवढ्यावर की तो ज्या कंपनीच्या एक्स्चेंजचा, त्याच्याशीच चालतो. आधीच तसं एक्स्चेंज असेल आणि त्यात पोर्ट शिल्लक असतील, तर आयपीकडे घाईने वळायचं कारण मला दिसत नाही.

नव्याने घेत असाल तर ज्या टेबलांवरून कॉल दुसरीकडे दिले जातात, म्हणजे रिसेप्शन, विक्री, हिशेब, तिथे मी आयपी फोन ठेवीन. जिन्याजवळ, सुरक्षारक्षकाकडे, पँट्रीत साधा एक्स्टेंशन पुरे, आणि वीज गेल्यावर तोच उपयोगी पडेल. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला दोन फोन आणि एक मोबाइल घेऊन समोर बसवा. मोबाइलवरून कॉल करा, तो होल्डवर टाकायला सांगा, दुसऱ्या फोनवर बोलायला सांगा, आणि त्या वेळी मोबाइल तुमच्या कानाला लावलेला असू द्या.