कंपोस्टचा ड्रम, नऊ महिन्यांनंतर: खत गोड, सल्ले आंबट

गेल्या जूनमध्ये 40 लिटरचा, बाजूंना भोकं असलेला प्लास्टिकचा ड्रम घेतला. घरात आम्ही चौघं, बाल्कनी जेमतेम. ओला-सुका कचरा वेगळा करायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांतही होतंच, पण सोसायटीने मनावर घेतलं तेव्हा मी जागी झाले. ड्रमचं आधी सांगून टाकते: झाकण घट्ट बसतं, खालचा नळ दुसऱ्याच महिन्यात चोंदला, बाकी तक्रार नाही. पहिलं खत साडेतीन महिन्यांनी निघालं, काळंभोर, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं.

पण त्याआधी तिसऱ्या आठवड्यात ड्रम फेकून द्यायची वेळ आली होती. भर पावसाळा, झाकण उघडलं की भपकारा, आणि आत वळवळ. कंपोस्टवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, "वास येतोय, अळ्या झाल्यात, काय करू?"

"हा प्रश्न हजारदा झालाय. आधी जुनं वाचा."

"एवढी किळस येते तर प्लास्टिकची झाडं लावा ताई." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

एका जाणकाराने नुसतंच लिहिलं, "सी-एन रेशो बघा." माणूस चुकीचं बोलत नव्हता. कर्ब (कार्बन, म्हणजे सी) साधारण 30 भाग तर नत्र (नायट्रोजन, म्हणजे एन) 1 भाग, असं ते गणित. पण मी हातात दुधीची सालं घेऊन उभी, त्यातला कर्ब मोजू कशाने? वाटीभर ओल्या कचऱ्यावर दीड-दोन वाट्या सुका पाचोळा, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं.

जुनं वाचायलाही गेले. उत्तरं होती, पण ती 'लीचेट' (कचऱ्यातून झिरपणारं पाणी) आणि 'अ‍ॅनारोबिक' (हवेविना कुजणं) या नावांखाली. माझ्याकडे शोधायला शब्द एकच होता, 'वास'.

दोन दिवसांनी एका काकूंनी उलट मलाच विचारलं, "वास कसला गं? डोळ्यांना झोंबणारा, अमोनियाचा, की सडक्या अंड्याचा?" वासात असे प्रकार असतात हे मला तेव्हा कळलं. झोंबणारा असेल तर नत्र जास्त झालंय, पाला वाढव. अंड्याचा असेल तर पाणी साचून हवा कोंडलीय, उकर आणि भुसा मिसळ. माझा अंड्याचा होता. "मूठभर घेऊन पिळून बघ. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर फार ओलं." अळ्यांचा फोटो मागवला. जाड, चपट्या, मातकट. "राहू दे त्यांना, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत. कचरा त्याच फस्त करतात, आणि ती माशी घरमाशीसारखी जेवणावर घोंगावत नाही." चार दिवसांत वास गेला.

दर पावसाळ्यात तोच प्रश्न वाचून कंटाळा येत असेल, मान्य. मग पुढे सरकावं ना. टोमणा टाईप करायला वेळ लागतोच की!

आता मार्चमध्ये अडचण उलटी आहे, ड्रम कोरडा पडतो. आठवड्यातून एकदा आंबट ताक पाण्यात घालून शिंपडते. नळ अजून चोंदतो, तारेने मोकळा करते.

आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंनी त्याच आठवड्यात असाच ड्रम घेतला होता. त्यांनाही तिथेच प्लास्टिकच्या झाडांचा सल्ला मिळाला. पावसाळाभर त्यांचा ड्रम दाराबाहेर होता, छत्र्या ठेवायला. भोकांमुळे पाणी मात्र छान निथळायचं.