लाईव्ह रॉकला खारट डिप आणि आठ आठवडे टबात : सात महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या आधीच्या समुद्री मत्स्यटाकीत (टँकमध्ये) रात्री टक् टक् आवाज यायचा. पंप खडखडतोय असं समजून मी तो दोनदा खोलून साफ केला. पुढे एकेक गोगलगाय रिकामी सापडायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला : दगडात मँटिस श्रिम्प (शिंपले-शंख फोडून खाणारा शिकारी जीव) ठाण मांडून बसला होता. अख्खी रचना मोडावी लागली. म्हणून या वेळी १२ किलो लाईव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्री दगड) आणला तो थेट टँकमध्ये टाकायचा नाही, असं ठरवूनच.

दगडांत लपलेले जीव बाहेर यावेत म्हणून आधी डिप, म्हणजे थोडा वेळ बुडवणं. बादलीत टँकइतक्याच तापमानाचं समुद्री मिठाचं पाणी घेतलं, पण जास्त खारट. एरवी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणा दाखवणारी पाण्याची घनता) १.०२५ च्या आसपास ठेवतो, इथे १.०३८ केली. मीठ पूर्ण विरघळल्यावरच रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) लावायचा, नाहीतर आकडा फसवतो. प्रत्येक दगड पाच मिनिटं बुडवून हलवला, मग नेहमीच्या खारट पाण्यात खळबळून टबात ठेवला. पहिल्याच दगडातून काळ्या टोकांच्या नांग्यांचे दोन केसाळ खेकडे निघाले. मँटिस निघाला आठव्या दगडातून, तोही दगड बादलीवर तिरका धरल्यावर.

पण डिपने बाहेर पडतात ते चालणारे-सरपटणारे. ऐप्टेशिया (दगडाला चिकटून झपाट्याने पसरणारा उपद्रवी सी-ॲनिमोन) अंग चोरून बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलतो. बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) तर ढिम्म हलत नाही. शिवाय सुक्याबरोबर ओलंही जळतं : छोटे ब्रिटल स्टार (तारामाशासारखे बारीक हातांचे जीव) बरेच मेले, आणि ते मला हवे होते. ब्रिसल वर्मही (काटेरी केसांचे समुद्री किडे) सात-आठ निघाले. नेहमी दिसणारे ब्रिसल वर्म सडकं खाऊन सफाईच करतात, त्यामुळे त्यांच्यामागे फार लागलो नाही. नुसत्या हाताने मात्र धरू नका, काटे रुततात.

खरं काम टबात झालं. हीटर २६ अंशांवर, जोरदार पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), वर झाकण, दिवा नाही. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढला, वास तर विचारूच नका. दर तीन दिवसांनी निम्मं पाणी बदललं. अंधारात केसाळ शेवाळ झडलं. ऐप्टेशिया मात्र नुसता पांढरा पडला. अंगातलं सूक्ष्म शैवाल गेलं तरी पाण्यातलं खाऊन तो तगतो. चौथ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला आणि हात शिवशिवू लागले. तेव्हाच रॉक टँकमध्ये टाकला असता, तर हे पांढरे ठिपके कुणाला दिसले असते?

त्यातला एक मी स्क्रूड्रायव्हरने खरवडला. शुद्ध गाढवपणा. उरलेल्या तुकड्यांतून पंधरा दिवसांत पाच उगवले. मग कॅल्कवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडली, पॉवरहेड बंद ठेवून. फटींतले राहिले ते दोन पेपरमिंट श्रिम्पनी तीन आठवड्यांत संपवले. घेताना नीट बघा : त्याच नावाखाली कधी कधी कॅमल श्रिम्प मिळतो, पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा असलेला. तो कोरल कुरतडतो.

‘दगड उकळून टाक, कटकट संपेल’ असा सल्ला मलाही मिळाला होता. चुकूनही करू नका. दगडावर पॅलिथोआ (कोरलसारखा एक जीव) असेल तर त्यातलं पॅलिटॉक्सिन हे जालीम विष वाफेबरोबर फुप्फुसात जातं आणि माणूस हॉस्पिटलात. घासतानासुद्धा हातमोजे आणि चष्मा लागतोच.

पुढच्या वेळी डिप तीन मिनिटांचाच करीन, ब्रिटल स्टारसाठी. टबाचे आठ आठवडे मात्र एका दिवसानेही कमी करणार नाही. मँटिस नाही, खेकडा नाही, रात्री शांतता. बबल अल्गीचे चार-पाच फुगे उगवले. तो दगड बाहेर काढून ते न फोडता उपटले. चौथ्या महिन्यात एक ऐप्टेशिया दिसला खरा, पण दगडावर नव्हे. नवीन कोरलच्या प्लगला (कोरल चिकटवलेल्या छोट्या चकतीला) खालून चिकटून आला होता, आणि तो प्लग मी डिप न करताच टाकला होता.