‘बजेट ॲट अ ग्लान्स’: सोलापुरात बसून वाचण्याजोगी फुकट पुस्तिका

गड्ड्याची यात्रा भरते आणि पंधरवड्यात केंद्राचं बजेट येतं. त्या दिवशी अक्कलकोट रोडच्या कारखान्यांपासून नव्या पेठेतल्या दुकानांपर्यंत एकच प्रश्न असतो: आपल्यासाठी काय? भाषण ऐकून त्याचं उत्तर मिळत नाही. ते इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही, ओटीपी नाही. २०२१ पासून ‘युनियन बजेट’ हे मोबाइल ॲपही आहे. पण तिथल्या कागदांच्या ढिगाऱ्यातून नेमकं काय उघडायचं, हे ठाऊक नसेल तर माणूस पाच मिनिटांत कंटाळून बाहेर पडतो. म्हणून सरळ सांगतो: ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ उघडा. बाकीचे कागद नंतर, गरजेपुरते.

या पातळ पुस्तिकेचा सगळा जीव सुरुवातीच्या एका तक्त्यात आहे. ओळी पंधरा-वीस, रकाने चार. २०२५-२६ च्या पुस्तिकेत ते असे आहेत: २०२३-२४ चे प्रत्यक्ष आकडे, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि शेवटी २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. आकडे कोटींत असतात. पहिली चूक इथेच होते, कारण १५,६८,९३६ हे पंधरा लाख वाटतात, ते १५.६९ लाख कोटी आहेत.

तक्ता खालून वर वाचावा. तळाशी राजकोषीय तूट आहे, म्हणजे सरकार वर्षभरात जेवढं कर्ज काढणार ती रक्कम: १५,६८,९३६ कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. वर व्याजाची ओळ शोधा: १२,७६,३३८ कोटी. एकातून दुसरी वजा केली की २,९२,५९८ कोटी उरतात, ती प्राथमिक तूट. नव्या कर्जाच्या दर शंभर रुपयांमागे ८१ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाएवढे आहेत. ही एक वजाबाकी केली की सरकारचा हात किती मोकळा आहे ते कळतं, आणि ती करायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

मग महसुली तूट पाहा, म्हणजे रोजच्या खर्चाला सरकारची कमाई जेवढी कमी पडते ती रक्कम: ५,२३,८४६ कोटी. रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारा आधुनिक माग) घ्यायला कर्ज काढलं तर माग कापड काढतो आणि हप्ता फेडतो. आठवड्याचा पगार भागवायला कर्ज काढलं तर पुढच्या आठवड्यात पगारही उभा राहतो आणि व्याजही. सरकारचं गणित यापेक्षा वेगळं नाही. या हिशेबाने एकूण कर्जाचा तिसरा हिस्सा रोजच्या खर्चाला जातो, उरलेला रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री अशा भांडवली कामांना. त्याच्याच शेजारी ‘प्रभावी महसुली तूट’ म्हणून ९६,६५४ कोटींचा बराच छोटा आकडा दिलेला असतो. मालमत्ता उभारण्यासाठी राज्यांना आणि संस्थांना दिलेलं ४,२७,१९२ कोटींचं अनुदान त्यात वगळलेलं असतं. ते वगळण्यामागे तर्क आहे, पण केंद्राच्या वहीत ती मालमत्ता येत नाही. वाचताना मोठा आकडा सोडू नये.

भांडवली खर्चाची ओळ मात्र नीट थांबून वाचण्याची. २०२४-२५ साठी सुरुवातीला ११,११,१११ कोटी जाहीर झाले. सुधारित अंदाजात ते १०,१८,४२९ कोटींवर आले, म्हणजे ९२ हजार कोटींहून जास्त कमी. बातम्यांत मोठा आकडा गाजतो, घट रकान्यात गपचूप बसलेली असते. २०२५-२६ चे ११,२१,०९० कोटी आदल्या वर्षीच्या घोषणेशी ताडले तर वाढ नगण्य, सुधारित आकड्याशी ताडले तर दहा टक्के. दोन्ही खरं आहे. कोण कुठला रकाना धरून बोलतो ते पाहायचं. खात्रीचा आकडा प्रत्यक्षाचाच, आणि तो दोन वर्षांनी मागून येतो.

या खर्चाकडे इतकं लक्ष का द्यायचं? मंदीत सरकारकडे दोन दोऱ्या असतात: खर्च वाढवणं आणि कर कमी करणं. रस्त्याचं, रेल्वेचं काम निघालं की सिमेंट, सळई, मजुरी असा पैसा लगेच फिरतो. त्या मजुराच्या घरी टॉवेल-चादरही त्यातूनच येते. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीने कर आटले, मोफत धान्याचा खर्च वाढला आणि तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. तेव्हा तूट आवरायला खर्च कापला असता तर बाजार आणखी झोपला असता. पुढे ती २०२३-२४ मध्ये ५.६ आणि २०२५-२६ च्या अंदाजात ४.४ टक्क्यांवर आणताना भांडवली खर्च टिकवून ठेवला, हे या धोरणातलं सर्वांत शहाणं पाऊल आहे. पुस्तिकेतल्या तुटीच्या आलेखात ते स्पष्ट दिसतं. तूट कमी होण्याचा सोलापूरशीही संबंध आहे: सरकार बाजारातून जितकं जास्त उचलतं, तितका कर्जरोख्यांवरचा व्याजदर वर राहायला वाव मिळतो आणि कारखान्याच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँक-कर्जाचा दर उतरायला तितका वेळ लागतो.

दुसरी दोरी कराची. २०२५ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर राहिला नाही. त्यापायी सरकारने सोडलेले सुमारे एक लाख कोटी या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून सापडणार नाहीत. ते भाषणाच्या शेवटी आहेत. कंपन्यांना आणि करदात्यांना आधीपासून मिळणाऱ्या सवलतींचा हिशेब ‘रिसीट बजेट’ या जमेच्या वेगळ्या कागदाच्या परिशिष्टात असतो. पुस्तिकेची ही खरी उणीव आहे: दिलेला पैसा दिसतो, सोडलेला दिसत नाही.

रुपयाचं वर्तुळ, म्हणजे ‘रुपया कुठून आला, कुठे गेला’, सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर येतं. सर्वांत जास्त घोळ त्यातच आहे. २०२५-२६ च्या वर्तुळात कर्ज २४ पैसे आणि व्याज २० पैसे आहे. तक्त्यातल्या ५०,६५,३४५ कोटींच्या एकूण खर्चाशी भागून पाहा, तर कर्ज ३१ टक्के आणि व्याज २५ टक्के येतं. आकडे चुकलेले नाहीत. वर्तुळात राज्यांना वाटून जाणारा कराचा हिस्साही धरलेला असतो, तक्त्यात तो आधीच वजा केलेला असतो. भागाकाराचा पाया मोठा झाला की टक्के लहान होतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत वर्तुळातले आकडे ‘एकूण खर्चाच्या टक्केवारी’ म्हणून लिहू नयेत.

आता ही पुस्तिका कुठे अपुरी पडते ते.

चादर-टॉवेलवाल्यांना सर्वांत जवळून भिडणारा कर यात ठरतच नाही. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. तयार कपडे आणि चादर-टॉवेलसारख्या वस्तूंना नगामागे हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८. कर सोडून १,२०० रुपयांच्या जेकार्ड चादरीवर आधी १४४ रुपये कर लागायचा, आता ६० लागतो. पण २,६०० रुपयांच्या नगावर ३१२ चे ४६८ झाले. अडीच हजारांची चादर गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडते, शंभर रुपये महाग असलेली ३,०६८ ला. किंमत ठरवताना ही पायरी डोळ्यासमोर हवी. फेब्रुवारीची पुस्तिका कितीही घोकली तरी हे तिच्यात मिळणार नव्हतं.

सीमाशुल्काचंही अर्धंच. २०२५ च्या बजेटमध्ये आणखी दोन प्रकारच्या शटललेस मागांवरचं आयातशुल्क ७.५ टक्क्यांवरून शून्य झालं. साध्या मागांवरून रॅपिअरवर जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही मोठी बातमी होती, पण पुस्तिकेत तिचा मागमूस नाही; भाषणाच्या परिशिष्टात आणि वित्त विधेयकासोबतच्या स्पष्टीकरणपत्रात ती आहे. सवलत मागाच्या वेगाच्या मर्यादेशी बांधलेली आहे, म्हणून कोटेशन घेताना यंत्राचा वेग त्या ओळीशी ताडून पाहावा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं ५० टक्के शुल्क आलं, त्याच महिन्यात कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. तो निर्णय बजेटच्या बाहेर, अधिसूचनेने झाला.

रेल्वेचं काम शोधायला इथे येऊ नका. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाला किती रक्कम ठेवली, हे रेल्वेच्या संकेतस्थळावरच्या पिंक बुकमध्ये, म्हणजे कामवार तरतुदींच्या यादीत पाहायचं. मध्य रेल्वे उघडा, मग ‘न्यू लाइन्स’.

शेवटची तक्रार भाषेची. हे सगळं हिंदी आणि इंग्रजीतच आहे. राज्याचं बजेट मराठीत मिळतं आणि तेही याच पद्धतीने वाचता येतं: २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, तूट ४५,८९१ कोटी. मराठी वाचणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला केंद्राची एवढीशी पुस्तिका त्याच्या भाषेत मिळायलाच हवी.

तरीही शिफारस पक्की आहे. हिशेबनीस, कारखानदार, स्पर्धा परीक्षेची मुलं, सगळ्यांनी तो पहिला तक्ता छापून घ्यावा. बऱ्याच तक्त्यांची एक्सेल फाइल मिळते. पीडीएफमधून आकडे हाताने उतरवण्यापेक्षा ती घ्यावी, म्हणजे वजाबाक्या तिथेच करता येतात. जोडीला केंद्राचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखानियंत्रकांचे (सीजीए) मासिक हिशेब ठेवावेत. ते पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतात, म्हणजे डिसेंबरअखेरचा आकडा बजेटच्या तोंडावर हाती असतो. डिसेंबर २०२४ अखेर भांडवली खर्च सुमारे ६.८५ लाख कोटी झाला होता. नऊ महिन्यांत एवढा झाला, तर ११.११ लाख कोटी गाठायला उरलेल्या तीन महिन्यांत सव्वाचार लाख कोटी लागले असते. सुधारित अंदाज घटणार, हे १ फेब्रुवारीच्या आधीच त्या कागदावर वाचता येत होतं.